टनभर समुद्री ससे, तांदळाच्या दाण्याएवढं विष: डोलास्टॅटिन-१० चं प्रकरण

१९९० चं दशक संपत आलं तेव्हा अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या हाती एक विचित्र औषध होतं. उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर ते टाकलं, तर एका मिलिलिटरला नॅनोग्रॅमचा विसावा हिस्सा पुरत असे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, आणि त्याचाही विसावा. इतक्या कमी मात्रेत पेशींची वाढ रोखणारी रसायनं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकीच होती. माणसांना दिलं तेव्हा मात्र गाठी जिथल्या तिथे राहिल्या आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग झाला, फुप्फुसाचा झाला, मोठ्या आतड्याचा, प्रोस्टेटचा, अंडाशयाचा झाला. एकाही ठिकाणी पुढे जावं असा निकाल आला नाही.

औषधाचं नाव डोलास्टॅटिन-१०. फार्मसीच्या मुलांना नैसर्गिक द्रव्यांचा विषय शिकवताना मी हे प्रकरण दरवर्षी घेते आणि मुद्दाम इथूनच, म्हणजे अपयशापासून सुरू करते. समुद्र हा औषधांचा खजिना आहे, असं वाक्य मुलं पहिल्याच पानावर लिहून मोकळी होतात. या प्रकरणात खजिना १९८७ मध्येच सापडला होता. त्यानंतर पहिल्या रुग्णाला त्याचा नियमित उपयोग व्हायला २०११ साल उजाडलं. मधल्या चोवीस वर्षांत काय अडलं होतं आणि ते कसं सुटलं, हे पाहायचं आहे.

मॉरिशसचा गाळीव माल

१९७२ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज रॉबर्ट पेटिट यांच्या गटाने हिंदी महासागरात मॉरिशसजवळ डोलाबेला ऑरिक्युलारिया हा प्राणी गोळा केला. हा समुद्री ससा. नाव ससा असलं तरी भाऊबंद गोगलगायीचा. बाहेरून शंखाचं कवच नाही, डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं, आणि डिवचलं की जांभळी शाई सोडतो. मऊ, मंद आणि उघडा असा हा जीव माशांनी केव्हाच फस्त करायला हवा होता. तरी तो टिकून आहे, म्हणजे त्याच्या अंगात काहीतरी असणार. हा तर्क जुनाच होता. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात समुद्री सशाची नोंद विषारी प्राणी म्हणून करून ठेवली होती.

पेटिट यांच्या गटाने काढलेल्या अर्काने रक्तकर्करोगाच्या पेशी मारल्या. पुढचं काम ऐकायला सोपं आणि करायला जीवघेणं. अर्काचे दोन भाग करायचे, दोन्ही पेशींवर टाकून पाहायचे, जो मारतो तो ठेवायचा, त्याचे पुन्हा भाग करायचे. प्रत्येक पायरीला माल कमी होतो आणि तीव्रता वाढते. इथे माल इतका कमी झाला की पंधरा वर्षं गेली. साधारण एक टन ओल्या प्राण्यांतून शुद्ध डोलास्टॅटिन-१० मिळालं ते २९ मिलिग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या मापाने सांगायचं तर तांदळाचा एक दाणा, फार तर सव्वा. नावातला १० हा आकडा या प्राण्यातून निघालेल्या डोलास्टॅटिनांच्या रांगेतला क्रमांक आहे.

या दाण्याएवढ्या पांढऱ्या पुडीवरून रचना उलगडायची होती. रेणू निघाला पाच तुकड्यांच्या माळेचा. त्यातला फक्त एक, व्हॅलीन हे अमिनो आम्ल, पाठ्यपुस्तकातला. बाकी चारांना नवी नावं द्यावी लागली: डोलाव्हॅलीन, डोलाआयसोल्युइन, डोलाप्रोइन, डोलाफेनीन. शिवाय रेणूत नऊ कार्बन असे, की ज्यांच्याभोवतीची मांडणी उजवी किंवा डावी असू शकते. दोनाचा नववा घात म्हणजे ५१२. कागदावर एकच दिसणारे ५१२ रेणू आणि त्यांतला एकच खरा. १९८९ मध्ये पेटिट यांच्याच गटाने हा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधला, तेव्हा कोणता खरा याचा निकाल लागला.

बांधता आला नसता तर प्रकरण तिथेच संपलं असतं. एका चाचणीपुरतं औषध काढायलाही समुद्रातून किती ससे उपसावे लागले असते, त्याचा हिशेब मुलांना फळ्यावर करायला सांगते. दहा ग्रॅमला साडेतीनशे टन येतात. मग वर्गात जरा शांतता पसरते.

ससा नव्हे, सशाचं जेवण

प्राण्याच्या अंगातलं विष प्राण्याचंच असेल असं आपण धरून चालतो. पण डोलास्टॅटिन-१० ची घडण पाहणाऱ्या जाणकारांना पहिल्यापासून शंका होती. मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) चिकटवलेली अमिनो आम्लं, टोकाला थायाझोलचं कडं, मधे मिथॉक्सी गट असलेले लांबवलेले तुकडे. ही शैली प्राण्यांची नव्हे. ही शैली सायनोबॅक्टेरियांची.

सायनोबॅक्टेरिया म्हणजे ज्यांना आपण शाळेत नील-हरित शेवाळ म्हणून शिकलो ते जिवाणू. शेवाळ हे नाव चुकीचं असलं तरी सोयीचं आहे, म्हणून मीही ते वापरते. समुद्रात प्रवाळांच्या खडकांवर यांचे केसांसारखे झुपके किंवा बुरशीसारखे थर दिसतात. त्यांना पळता येत नाही, चावता येत नाही, आणि खाणारे चारी बाजूंनी. त्यांच्याकडे एकच हत्यार, रसायन. हे रसायन बनवायची त्यांची पद्धतही वेगळी. आपल्या पेशी प्रथिनं बनवतात त्या रायबोसोमच्या कारखान्यात ही माळ ओवली जात नाही. त्यासाठी त्यांच्याकडे प्रचंड आकाराची विकरं (एन्झाइम) असतात. त्यांचा एकेक भाग एकेक तुकडा उचलतो, त्यात फेरफार करतो आणि पुढच्या भागाकडे सरकवतो. म्हणूनच त्यात वीस नेहमीच्या अमिनो आम्लांपलीकडचे तुकडे येऊ शकतात.

१९९८ मध्ये ग्वामच्या किनाऱ्यावरच्या सिम्प्लोका जातीच्या झुपक्यातून सिम्प्लोस्टॅटिन-१ निघालं. डोलास्टॅटिन-१० आणि त्याच्यात फरक एका मिथाइल गटाचा. चोर अगदी दाराशी आला होता म्हणायचा. २००१ मध्ये हवाई विद्यापीठातले रिचर्ड मूर, त्यांच्यासोबत काम करणारे हेंड्रिक ल्यूश, ग्वामच्या सागरी प्रयोगशाळेतल्या व्हॅलरी पॉल आणि सहकाऱ्यांनी पलाऊ बेटांवरून आणलेल्या सिम्प्लोकाच्या नमुन्यातून खुद्द डोलास्टॅटिन-१० वेगळं केलं, आणि तेही समुद्री सशात मिळतं त्याच्या कित्येक पट प्रमाणात. समुद्री ससा हे शेवाळ चरतो, विष पचवायच्या भानगडीत न पडता साठवतो आणि स्वतःच्या बचावाला वापरतो. पेटिट यांनी टनांनी गोळा केलेला माल म्हणजे खाल्लेल्या अन्नाचा उरलेला अंश होता.

ही दुरुस्ती औषधाच्या दृष्टीने उशिरा आली. तोवर रेणू प्रयोगशाळेत बनत होता, त्यामुळे मूळ मालक कोण याने कारखान्याचं काही अडत नव्हतं. शोधाच्या दिशेवर मात्र परिणाम झाला. समुद्री विष कुठे शोधायचं, या प्रश्नाचं उत्तर बदललं.

सदाफुलीचा शेजारी

पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो आणि गुणसूत्रांच्या जोड्या ओढून दोन बाजूंना नेतो. या नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांनी बनतात. वीट वीटेला लागली नाही, तर नळी उभी राहत नाही, विभाजन अर्ध्यात अडकतं आणि पेशी मरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झालेल्या कामातून दिसलं, की डोलास्टॅटिन-१० ट्युब्युलिनला धरतं, आणि धरतं ती जागा सदाफुलीच्या अल्कलॉइडांच्या जागेला लागून आहे.

आपल्या अंगणातली, कुंडीतली, मंदिराच्या कुंपणाला लावलेली गुलाबी-पांढरी सदाफुली तीच. तिच्यातून निघालेली व्हिनब्लास्टीन आणि व्हिनक्रिस्टीन ही औषधं कर्करोगाच्या वॉर्डात रोजची आहेत. सदाफुलीचं मूळ घर मादागास्कर, डोलाबेला गोळा केला तो मॉरिशस, म्हणजे हिंदी महासागरातले शेजारी. एक जमिनीवरचं झाड, एक खडकावरचा जिवाणू. दोघांनी एकाच प्रथिनाच्या जवळजवळ एकाच कोपऱ्यावर घाव घातला. हे दोन शेजारी या प्रकरणात पुढे पुन्हा भेटतात.

नापास

माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांत सुरक्षित मात्रा ठरली ती शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण ३०० ते ४०० मायक्रोग्रॅम. तुलनेसाठी, हॉजकिन लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात, दिलं जाणारं केमोचं औषध डॉक्सोरुबिसिन दर खेपेला चौरस मीटरमागे २५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे डोलास्टॅटिन-१० साठ पटींहून कमी. त्याहून वर गेलं की पांढऱ्या पेशी घसरत आणि काही रुग्णांना हातापायांना मुंग्या, बधिरपणा येई. ट्युब्युलिनच्या नळ्यांचं काम फक्त विभाजनापुरतं नसतं. मज्जातंतूंच्या मीटरभर लांब धाग्यांतून मालाची ने-आण त्याच नळ्यांच्या रुळांवरून होते. रूळ उखडले की पहिला फटका सगळ्यात लांबच्या टोकांना, म्हणजे बोटांना.

इथे मुलांना प्रश्न विचारते: तुम्ही असता तर काय केलं असतं? बहुतेक जण म्हणतात, रेणू थोडा बदलून सौम्य करू. नेमकं हेच करूनही पाहिलं गेलं. ऑरिस्टॅटिन पीई, म्हणजे सोब्लिडोटिन, हे त्याचं कृत्रिम भावंड माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं आणि तेही अडकलं. डोलास्टॅटिन-१५ या सख्ख्या रेणूपासून बनवलेलं टासिडोटिनही मागे पडलं.

सौम्य करण्याचा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो, पण त्यात एक गृहीतक लपलेलं असतं: अडचण तीव्रतेची आहे. माझं मत वेगळं आहे. विष उत्तम होतं. पत्ता चुकत होता. शिरेतून सोडलेलं औषध सगळ्या शरीरभर जातं, आणि गाठीला पुरेल इतकं पोचायच्या आत अस्थिमज्जा हात टेकते.

दुसरा नापास विद्यार्थी

हॉजकिन लिम्फोमाची गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर एक गंमत दिसते. गाठीत भरलेल्या पेशींपैकी बहुतेक निरुपद्रवी, दाहाच्या ओढीने गोळा झालेली बघ्यांची गर्दी. खऱ्या कर्करोगाच्या पेशी बऱ्याचदा शंभरात एक-दोनच. त्या मोठ्या, घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रकं असलेल्या. त्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-३० नावाचं प्रथिन खच्चून भरलेलं असतं. जर्मनीतल्या कील शहरातल्या संशोधकांनी १९८२ मध्ये ते प्रथम ओळखलं. निरोगी शरीरात हे प्रथिन अगदी मोजक्या पेशींवर सापडतं. नेमका पत्ता म्हणतात तो हा.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल इथल्या सिॲटल जेनेटिक्स या कंपनीकडे सीडी-३० ला चिकटणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे एका ठरावीक लक्ष्यालाच धरणारं प्रथिन) होतं. आधी त्यांनी ते नुसतंच रुग्णांना देऊन पाहिलं. हॉजकिनच्या ३८ रुग्णांपैकी एकाचीही गाठ निकषात बसेल इतकी आकसली नाही. प्रतिपिंड पत्त्यावर पोचत होतं, दारावर थाप देत होतं आणि काही न करता उभं राहत होतं.

म्हणजे एकीकडे पत्ता नसलेलं विष आणि दुसरीकडे विष नसलेला पत्ता. दोन्ही आपापल्या परीक्षेत नापास झालेले. दोघांना एकत्र बांधायचं ही कल्पना नवीन नव्हती. पण त्या वेळी बाजारात असं एकच औषध होतं, तेही जून २०१० मध्ये त्याच्या कंपनीने अमेरिकेतून मागे घेतलं. या वाटेवर पैसा लावणं म्हणजे धाडसच होतं.

दोरी

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा. विष आणि प्रतिपिंड बांधायची दोरी रक्तात आठवडाभर टिकली पाहिजे आणि पेशीच्या आत गेल्यावर लगेच सुटली पाहिजे. शिवाय विषाला दोरी बांधायला जागा हवी, आणि ती बांधल्याने किंवा सुटल्याने विषाची धार जाता कामा नये. बहुतेक नैसर्गिक विषांत असा मोकळा कोपरा नसतो. जिथे हात लावावा तिथे रेणू मरतो.

डोलास्टॅटिन-१० च्या सुरुवातीच्या टोकाला नायट्रोजनवर दोन मिथाइल गट आहेत. त्यातला एक काढला तरी विष जवळजवळ तसंच राहतं आणि तिथे दोरी बांधायला खुंटी मिळते. दुसऱ्या टोकाचं डोलाफेनीन काढून नॉरएफेड्रिन बसवलं, तरी चालतं. असा बदललेला रेणू म्हणजे मोनोमिथाइल ऑरिस्टॅटिन ई, थोडक्यात एमएमएई. नावातला 'मोनोमिथाइल' म्हणजे तीच खुंटी.

दोरी म्हणून निवडलं व्हॅलीन आणि सिट्रुलीन या दोन अमिनो आम्लांचं जोडपं. रक्तात ते कुणी कापत नाही. पेशीच्या आत लायसोसोम नावाची पचनाची पिशवी असते, तिथलं कॅथेप्सिन बी हे विकर मात्र ते कापतं. २००३ मध्ये स्वेतलाना डोरोनिना, पीटर सेंटर आणि सहकाऱ्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. आधीच्या आम्लाने तुटणाऱ्या दोऱ्यांपेक्षा ही दोरी रक्तात कितीतरी जास्त टिकली. प्रत्येक प्रतिपिंडावर सरासरी चार विषरेणू. प्रतिपिंड सीडी-३० ला चिकटतं, पेशी ते आत ओढून घेते, पिशवीत दोरी कापली जाते, विष मोकळं होतं. पेशी स्वतःच्या पचनशक्तीने स्वतःचं मरण सोडवून घेते.

वर सांगितलेल्या बघ्यांच्या गर्दीचा इथे संबंध येतो. मोकळं झालेलं एमएमएई पेशीचं आवरण ओलांडून बाहेर झिरपू शकतं आणि शेजारच्या पेशीही मारतं. गाठीत कर्करोगाच्या पेशी शंभरात एक-दोनच असताना त्यांना पोसणाऱ्या गर्दीवरही आघात होणं हा फायदाच ठरला असावा. याचंच भावंड एमएमएफ. त्याच्या टोकाला विद्युतभार असल्याने ते पेशीबाहेर सहज झिरपत नाही. कुठे झिरपणारं हवं आणि कुठे न झिरपणारं, हा निर्णय आजार पाहून करावा लागतो.

एक हिशेब मला फार बोलका वाटतो. तयार औषध ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन. मात्रा दर किलोला १.८ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. ६० किलोच्या माणसाला १०८ मिलिग्रॅम. प्रतिपिंडासह या औषधाचं वजन साधारण १ लाख ५३ हजार डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक), त्यावर एमएमएईचे चार रेणू ७१८ डाल्टनचे. म्हणजे औषधातलं खरं विष दोन टक्क्यांहूनही कमी, सुमारे दोन मिलिग्रॅम. आता मागे जा. सुट्या डोलास्टॅटिन-१० ची ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा अशाच माणसाच्या दीड-पावणेदोन चौरस मीटरला धरली तर ०.६ ते ०.७ मिलिग्रॅम येते. दोन्ही रेणू तंतोतंत एक नाहीत, मूळचा जास्त जहाल, त्यामुळे तुलना ढोबळ आहे. तरी जहाल विषाची तिप्पट मात्रा माणूस सहन करतो आणि गाठही वितळते, ती फक्त पत्ता लिहिल्यामुळे.

निकाल

निर्णायक चाचणीत स्वतःच्याच मूळपेशींच्या प्रत्यारोपणानंतरही हॉजकिन परतलेले १०२ रुग्ण होते. त्यांच्यापैकी ७५ टक्क्यांच्या गाठी आकसल्या, सुमारे एक तृतीयांशांच्या पूर्णपणे गेल्या. ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा या दुसऱ्या लिम्फोमाच्या ५८ रुग्णांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. १९ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, मान्यता दिली.

पुढे हे औषध पहिल्याच उपचारात आलं. हॉजकिनचा जुना, जगभरचा आणि आपल्याकडेही रोजचा उपचार म्हणजे एबीव्हीडी: ॲड्रियामायसिन (म्हणजेच डॉक्सोरुबिसिन), ब्लिओमायसिन, व्हिनब्लास्टीन, डाकार्बाझीन. यातलं ब्लिओमायसिन फुप्फुसाला इजा करतं. १३३४ रुग्णांच्या चाचणीत ब्लिओमायसिन काढून तिथे ब्रेंटुक्सिमॅब घातलं. सहा वर्षांनी जिवंत होते नव्या गटात ९३.९ टक्के, जुन्या गटात ८९.४. आकडा छोटा वाटतो, पण हा आजार बऱ्याचदा तिशीच्या आतल्या मुलामुलींना गाठतो, तेव्हा शंभरातले ते चार-साडेचार जण आपल्याच वर्गातले असतात.

आता ते दोन शेजारी पाहा. नव्या मिश्रणात व्हिनब्लास्टीन तसंच आहे. सदाफुलीचं विष आणि पलाऊच्या झुपक्याचं विष एकाच सकाळी एकाच शिरेत जातं, आणि दोन्ही ट्युब्युलिनला लागून लागून बसतात. त्याची किंमतही शेजाऱ्यांसारखी वाटून येते. हातापायांचा बधिरपणा नव्या गटात सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना झाला, जुन्यात त्याहून बराच कमी. बहुतेकांचा काळाबरोबर ओसरला, सगळ्यांचा नाही. गुंडी लावताना बोटं साथ देत नाहीत, अनवाणी चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं. मेंदूत जेसी विषाणूचा उद्रेक होऊन जीव जाण्याचा धोका दुर्मीळ असला तरी २०१२ मध्ये त्याचा इशारा औषधावर ठळक चौकटीत छापला गेला. पत्ता लिहिलेलं विषही शेवटी विषच असतं, थोडं वाटेत सांडतंच.

आपल्याकडच्या वास्तवाची एक नोंद. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री दरदरून घाम, वजन घटणं: महाराष्ट्रात हे ऐकलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो वावगाही नाही. पण गाठीचा तुकडा न तपासता टीबीची औषधं सुरू झाली, की हॉजकिनच्या निदानाला महिने उलटतात. ब्रेंटुक्सिमॅबची किंमत लाखांच्या घरात असल्याने इथल्या बहुतेक रुग्णांची सुरुवात आजही एबीव्हीडीनेच होते, आणि एबीव्हीडीनेही बहुसंख्य बरे होतात. नव्या औषधाच्या कौतुकात हे विसरायला नको. शिवाय २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ब्रेंटुक्सिमॅबच्या जागी निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारं औषध वापरल्यावर आजार जास्त आटोक्यात राहिला आणि बधिरपणाही कमी झाला. पहिल्या उपचारातली ही खुर्ची आता हलू लागली आहे.

एमएमएईची दोरी मात्र दुसऱ्या पत्त्यांवर जाऊन बसली. लिम्फोमासाठी पोलाटुझुमॅब, मूत्राशयाच्या कर्करोगासाठी एनफॉर्टुमॅब, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी टिसोटुमॅब. तिघांच्याही नावापुढे 'व्हेडोटिन' हे आडनाव आहे, ते या दोरीचं आणि विषाचं. पसरलेल्या मूत्रमार्गाच्या कर्करोगात एनफॉर्टुमॅब आणि निव्होलुमॅबच्याच जातीचं पेम्ब्रोलिझुमॅब मिळून दिल्यावर निम्मे रुग्ण ३१.५ महिन्यांहून जास्त जगले. जुन्या केमोत हा आकडा १६.१ होता. या आजारात इतकी उडी कुणी पाहिली नव्हती.

बाकीच्यांचं काय झालं

समुद्री सायनोबॅक्टेरियांतून आजवर शेकडो रेणू निघाले आहेत. क्युरासाव बेटावरून क्युरासिन, ग्वामहून अप्राटॉक्सिन, पनामाच्या कोइबाहून कोइबामाइड, फ्लोरिडाच्या की लार्गोहून लार्गाझोल. नावं नकाशासारखी वाचता येतात. प्रयोगशाळेत सगळेच दमदार. क्युरासिन ट्युब्युलिनवर छान काम करतं, पण पाण्यात विरघळत नाही आणि टिकतही नाही. यांपैकी कुणालाही अजून डोलास्टॅटिनची वाट सापडलेली नाही. माझ्या मते फरक तीव्रतेत नाही. डोलास्टॅटिन-१० ला मोकळी खुंटी होती, ती ओळखणारी माणसं भेटली, आणि हातात तयार पत्ता होता. तीन योग एकत्र आले.

अरबी समुद्रातही हे जिवाणू काही परके नाहीत. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत गोव्या-कर्नाटकाच्या किनाऱ्यासमोर पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे पिवळट-तपकिरी पट्टे पसरतात. ते ट्रायकोडेस्मियम, समुद्री सायनोबॅक्टेरियाच. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास कित्येक दशकं केला आहे.

इथे वर्गात एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, मॉरिशसला काय मिळालं? १९७२ मध्ये असा प्रश्न विचारायला कायदाच नव्हता. जैवविविधतेचा जागतिक करार १९९२ चा, लाभाच्या वाटपाचा नागोया करार २०१० चा. भारताचा जैवविविधता कायदा २००२ चा. आज परदेशी संशोधकाला आपल्या किनाऱ्यावरचा झुपका न्यायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि सिॲटल जेनेटिक्स, नंतरचं नाव सीजेन, २०२३ मध्ये फायझरने विकत घेतली ती सुमारे ४३०० कोटी डॉलरला. त्या विद्यार्थ्याला मी १९७२ हे साल आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहून देते. उत्तर त्याने शोधावं.

झुपक्याची जात

पलाऊच्या त्या झुपक्याला २००१ मध्ये सिम्प्लोका म्हटलं होतं. २०१५ मध्ये जनुकांवरून पुन्हा पडताळणी झाली तेव्हा अशा नमुन्यांचं घराणंच वेगळं निघालं. आता त्यांना कॅल्डोरा पेनिसिलाटा म्हणतात. २०२४ मध्ये याच जिवाणूच्या, थेट समुद्रातून आणलेल्या डीएनएतून डोलास्टॅटिन-१० बनवणारी जनुकांची रांग सापडली: ३९ हजार अक्षरांची, दहा विकरांची. त्यातलं डोलजे नावाचं विकर संशोधकांनी वेगळं काढून तपासलं. त्याचं काम माळेच्या शेवटच्या टोकाला थायाझोलचं कडं घडवणं. ते कडं डोलाफेनीनमध्ये असतं, आणि एमएमएई बनवताना औषधवाल्यांनी कापून टाकलेला तुकडा नेमका तोच.